तिठ्यावरचा दिनकर

१२ मार्च १९८९
पुतळ्याची समिती घरी आली. पाच-सहा जण, पुढं कापडवाले आप्पा. चहा केला. आप्पा म्हणाले, दिनकरचा वर्दीतला फोटो पायजे. तो आत्याबाईंनी देव्हाऱ्यात ठेवलाय. उठेनात.
मामा, म्हणजे सासरे, त्यांना म्हणाले, "दे की. आपल्या पोराचाच पुतळा करायलेत."
"परत आणून देतेत का?"
"देतेत."
"त्याला नेलं तवा बी परत येईल म्हणले व्हते."
कपबश्या मी तशाच उचलल्या. शेवटी मी माझ्या पेटीतला भरतीच्या वेळचा छोटा फोटो दिला. त्यात कान लय बाहेर आलेत. आप्पा फोटोकडं बघून म्हणाले, मिशी न्हाई का? मी म्हटलं, ठेवली नव्हती. ते म्हणाले, बघू.

२३ मार्च
लोकांना वाटतं मला दि. सतत आठवत असतील. खरं सांगायचं तर आवाज आठवत नाही. घोरणं आठवतं. लग्नानंतर सगळं मिळून दोन सुट्ट्या. दुसऱ्या सुट्टीत आम्ही दोघं गंगाखेडला गेलो, नदीवर बसलो, भेळ खाल्ली. त्यानंतर पलटण श्रीलंकेला गेली. सत्त्याऐंशीच्या दिवाळीच्या आधी तार आली. मागून पेटी आली, तिच्यात घड्याळ, दोन शर्ट आणि कलश. अग्नी तिकडंच दिला होता. त्यामुळे आत्याबाई वर्षभर म्हणत होत्या की मी बघितलं न्हाई, मी कसं मानू. आता म्हणत नाहीत. मानलंय असंही नाही.

९ ऑगस्ट
पुतळा आला. टेम्पोतून, पोत्यांत बांधून. छातीपर्यंतचाच आहे. स्टँडच्या तिठ्यावर चौथरा बांधलाय, त्यावर चढवला. चार माणसं लागली, मामाही हात लावायला गेले. घरी येऊन म्हणाले, "ह्याच दिनकऱ्याला मी खांद्यावर बसवून बाजारला नेत होतो." एवढंच बोलले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.
पोती काढून वरून आप्पांच्या दुकानातलं भगवं कापड बांधलं. पंधरा ऑगस्टला मंत्रीसाहेब काढणार. तोवर कुणी बघायचं नाही म्हणे.

१५ ऑगस्ट
मंत्री आले नाहीत. समितीनं मला पांढरी साडी दिली होती, ती नेसून खुर्चीवर बसले. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला आत्याबाई. शाळेची पोरं रांगेत, उन्हानं दोघीतिघी पोरी खाली बसल्या. दुपारी निरोप आला, साहेबांचा दौरा बदलला. आप्पांनी माइकवरून सांगितलं की लवकरच नवी तारीख कळवू. मग भाषण केलं, दिनकरनं एकट्यानं बारा जण मारले. हा आकडा कुठून आला माहीत नाही. आत्याबाई वाटेत म्हणाल्या, "त्याला कोंबडी कापू वाटत नव्हती."
कापड तसंच.

२ डिसेंबर
निवडणुका झाल्या. आधी म्हणत होते निवडणुकीमुळं होणार नाही. आता म्हणतात पुढची, विधानसभेची निवडणूक होऊ द्या. चौथऱ्याच्या पाटीवर जुन्या मंत्र्यांचं नाव कोरलंय. ते राहतील का जातील बघून मग.
पाटीवर माझंही नाव आहे. 'वीरपत्नी श्रीमती वत्सलाबाई यांचे उपस्थितीत.' दगडात आपलं नाव बघून कसंतरीच होतं. माणूस गेल्यावर कोरतात तसं.

२६ मार्च १९९०
रेडिओवर सांगितलं, लंकेतनं आपली सगळी फौज परत आली. बंदरावर बँड वाजवला. मी भाकरी थापत होते. मामांनी रेडिओ बंद केला नाही, पूर्ण ऐकला. मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला, तोही ऐकला.

१८ जून
आज एकजण आला, वसमतकडचा. शिंदे. दि.च्या पलटणीतला. सुट्टीवर आलाय, पत्ता विचारत आला. पाय जरा ओढत चालतो.
आत्याबाईंनी त्याला न विचारता जेवायला वाढलं. तो जेवेना, मग जेवला. मामांनी विचारलं, कसं झालं ते सांग बाबा. त्यानं सांगितलं. रस्त्यात सुरुंग होता. पुढची गाडी दिनकरची, मागची ह्याची. वेळ लागला नाही. "तकलीफ झाली न्हाई मामा, खरं सांगायलोय. झाली असती तर झाली म्हणलो असतो."
मामा म्हणाले, "बारा जण मारले म्हणतेत."
शिंदे म्हणाला, "न्हाई हो. आमी त्या दिवशी कुणाला बघितलं सुदिक न्हाई."
मग त्यानं आपणहून जहाजाचं सांगितलं. दि.नं समुद्र कधी बघितला नव्हता. जहाजावर चढताना म्हणे, एवढं पाणी हाय अन् आमच्या पालमला कामून येत न्हाई? आणि मग सगळ्या वाटेनं ओकत गेले. पलटणीत सगळे त्यांना दर्यासारंग म्हणायचे. मला हसू आलं. इतक्या दिवसांत त्यांच्या नावानं पहिल्यांदा हसले. आत्याबाईंनी बघितलं, पण रागावल्या नाहीत. त्याही पदरात तोंड घालून... हसल्या का रडल्या ते कळलं नाही.
स्टँडवर सोडायला मामा आणि मी गेलो. शिंदेनं कापड बघितलं. मामांनी सांगितलं, उद्घाटन व्हायचंय. शिंदे कापडापुढं सावधान उभा राहिला आणि सलाम केला. पानपट्टीवरची माणसं बघत होती.

४ सप्टेंबर
माझ्या अंगणवाडीत लेकरांची वजनं घेतली. तीन लेकरं कमी भरली. त्यांना सुकडी जास्त द्यायची. संगी वजनाच्या झोक्यात बसून विचारते, "बाई, स्टँडवर तुमचा नवरा हाय ना? त्याला थंडी वाजती म्हणून पांघरून बसलाय का?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगू.
भगवं कापड उन्हानं पांढरं पडलंय.

२० फेब्रुवारी १९९१
मामा स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन आले. जमादार म्हणाले, सध्या नवा पुतळा उघडू नका, वातावरण तंग आहे. विद्यापीठाच्या नावावरून पुन्हा मोर्चे सुरू झालेत, वरून सांगितलंय की पुतळा दिसला की भानगड होते. मामा म्हणाले, "माझ्या पोराचा कुणाशी काय वाद हाय?" जमादार म्हणाले, "वाद न्हाई हो. पण हुकूम सगळ्या पुतळ्यांना सारखा."
अंगणवाडीत मदतनीस रुक्मिणबाईला सांगितलं. ती दलित वस्तीतली. तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाई, आमी विद्यापीठाला नाव मागितलं तर आमची घरं जाळली. तुमाला पुतळा दिला तर झाकून ठेवला. कुणाचं बी नाव घ्यायला ह्या लोकाला एवढं जड कामून जातं?"
जाळपोळ झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर साली, मी अकरा वर्षांची, बोरीला माहेरी. आठवतं एवढंच की बापूंनी दाराला आतून कडी लावली आणि आम्हाला ओसरीवर येऊ दिलं नाही. रुक्मिणबाई तेव्हा कुठं होती, कधी विचारलं नाही. आज विचारलं. म्हणाली, "उसाच्या फडात. लेकरू कडेवर." आणि सूप उचलून आत गेली.

१५ ऑगस्ट
पुन्हा खुर्ची, पुन्हा पांढरी साडी. झाकलेल्या पुतळ्याला हार. आप्पांच्या भाषणात बाराचे आता वीस झालेत. मी मामांकडं बघितलं, मामा जमिनीकडं.

१४ मार्च १९९२
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.
बाजारचा दिवस. आत्याबाई आणि मी मिरच्या घ्यायला गेलो. तिठ्यावर एका कासारानं बांगड्यांचं पाल ठोकलं होतं. पालाची एक दोरी खुंटीला आणि एक दोरी दि.च्या गळ्याला, कापडावरूनच आवळलेली.
आत्याबाईंनी मिरच्यांची पिशवी माझ्या हातात दिली. चौथऱ्यावर चढल्या. साठीला आलेली बाई, कशी चढली देव जाणे. दोरी सोडली. पाल एका बाजूनं खाली आलं, कासार ओरडायला लागला, मग कुणीतरी त्याला सांगितलं की ही त्याची आई आहे. तो गप्प झाला, बांगड्या गोळा करायला लागला. दोरी सोडल्यावर आत्याबाई खाली उतरतील असं वाटलं. त्यांनी कापडाच्या गाठी सोडायला घेतल्या. गाठी सुटेनात, पावसानं आवळल्या होत्या. दातानं सोडल्या. मी खाली उभी. "आत्याबाई, राहू द्या" म्हणायला पायजे होतं का? म्हटलं नाही. पिशवी खाली ठेवली, वर चढले आणि मागच्या बाजूची गाठ मी सोडली.
कापड पडलं. सगळा बाजार थांबला म्हणणार नाही, मागं वांगीवाला ओरडतच होता. पण तिठ्यावरची माणसं उभी राहिली.
पुतळ्याला मिशी आहे. जाड, पिळदार. गाल फुगीर. डोळे कुणाचेही. मी बघत राहिले आणि मला काहीच वाटेना. आत्याबाईंनी पदरानं पुतळ्याचं तोंड पुसून काढलं, धूळ फार होती. मग दोन्ही हातांनी त्याचे दोन्ही कान धरले.
"कान बरोबर हायेत," म्हणाल्या.
आप्पा दुकानातनं धावत आले. "काकू, हे काय केलं? मंत्र्याच्या हातानं व्हायचं होतं."
"मी जन्माला घातला तवा कोणता मंत्री आला व्हता?"
जमादार आले, त्यांनी बघितलं, टोपी काढली, डोकं खाजवलं. कापड पुन्हा बांधायला कुणी पुढं आलं नाही. जमादार म्हणाले, "घरी जा माय. मी कागदावर वाऱ्यानं उडालं म्हणून लिहितो."
मिरच्या तिथंच राहिल्या. पिशवी घ्यायला मी परत गेले. कासारानं जपून ठेवली होती. त्यानं दोन बांगड्या पुढं केल्या आणि माझ्या हाताकडं बघून मागं घेतल्या.

१६ मार्च
आप्पांनी बोलणं सोडलंय. मामा रोज सकाळी तिठ्यावर चहाला जायलेत. आधी तिकडनं जायचं टाळत होते.

१० ऑक्टोबर १९९३
संध्याकाळी मामांनी मला ओसरीवर बोलावलं. आत्याबाई आत होत्या, पण ऐकू जाईल अशा. मामा म्हणाले, "वच्छला, एक गोष्ट इचारतो. नको असली तर नको म्हण, मी पुन्यांदा काढणार न्हाई."
सेलूच्या शकूताईंच्या, म्हणजे नणंदेच्या ओळखीत एक कदम गुरुजी आहेत. देवगाव फाट्याला शाळेवर. बायको काविळीनं गेली. एक मुलगी आहे. मामा स्वतः जाऊन विचारून आलेत. माझ्यासाठी.
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आमच्यात असं करत नाहीत. सासऱ्यानं तर नाहीच नाही.
मी म्हटलं, "मी जड झाले का?"
मामा एकदम मोठ्यानं म्हणाले, "येडी हायस का?" मग हळू, "मी किती दिवस हाय? ही किती दिवस हाय? मग तू अन् तो दगड, दोघंच ऱ्हाचाल."
आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

१२ ऑक्टोबर
आत्याबाई बोलत नाहीत. मामांशीही नाही, माझ्याशीही नाही. पण माझ्या ताटात वाढताना हात तसाच आहे. दही आधी मला.

२१ ऑक्टोबर
आज शेंगा फोडताना बोलल्या. माझ्याकडं न बघता. "तू गेलीस की त्याचं बोलायला कोन ऱ्हातं मला? ह्यांच्याशी बोलायला गेलं की उठून जातेत."
मी म्हटलं, कुठं गेलेय मी.
"तसं न्हवं," म्हणाल्या.
विचार केला. गेली सहा वर्षं मी आणि ह्या, दोघी मिळून त्यांना आठवत आलोय. त्या लहानपणाचं सांगतात, मला सांगायला फारसं काही नाही, म्हणून मी ऐकते. आता माझ्या आठवणीतले दि. बरेचसे त्यांच्याच सांगण्यातले आहेत. झाडावरनं पडले, शाळेतनं पळाले, पुरणपोळीला तूप जास्त मागायचे. मी स्वतः बघितलं ते म्हणजे गंगाखेडची भेळ.

७ डिसेंबर
गावात फुटलं. आप्पा घरी आले, पावणेदोन वर्षांनी. सोबत समितीतले दोघे. बसले. चहा घेतला नाही.
आप्पा म्हणाले, "मामा, तुमी मोठे. पण हे शोभत न्हाई. शहिदाची बायको हाय ती. आमी पाटीवर तिचं नाव घातलंय."
मामा म्हणाले, "पाटीवर मंत्र्याचं बी नाव हाय. त्यो कुठाय?"
"चेष्टा नका करू. गावाची इज्जत हाय. दगडात कोरलंय ते."
"दगडात कोरलंय आप्पा, तिच्या कपाळावर न्हाई."
दुसरा म्हणाला, पेन्शन बंद होईल. मामा म्हणाले, होऊ दे. मग आप्पा माझ्याकडं वळले. "ताई, तुमीच सांगा. पुढच्या पंधरा ऑगस्टला त्या खुर्चीवर कोन बसायचं?"
मी काही बोलायच्या आत आत्याबाई दारात आल्या. म्हणाल्या, "मी बसते की. अजून मेले न्हाई मी."
ते गेले. मामा आणि मी आत्याबाईंकडं बघत होतो. त्या म्हणाल्या, "काय बगायलेत? मी हो म्हणले न्हाई. त्याला फकस्त खुर्चीचं सांगितलं."

१५ जानेवारी १९९४
काल संक्रांत. विद्यापीठाच्या नामविस्ताराचं जाहीर झालं. एसटी बंद, दुकानं बंद, स्टँडवर पोलिसांची गाडी. आम्ही उद्या देवगाव फाट्याला जाणार होतो, मी आणि मामा. घर बघून जा, माणूस बघून जा, मग काय ते ठरवा, असं गुरुजींनीच कळवलं होतं. राहिलं.
रुक्मिणबाई संध्याकाळी आली. आल्या आल्या माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. पाच वर्षं सोबत काम करतो, कधी घरात आली नव्हती. आत्याबाई ओसरीवर होत्या. त्यांनी "बस" म्हटलं. बसली. चहा दिला, आमच्याच कपात. मामांनी विचारलं, वस्तीत सगळं ठीक? "ठीक हाय. पोरं नाचायलेत. बायका मातूर दार लावून हायेत." काही वेळ बसून गेली.

२३ जानेवारी
गाड्या सुरू झाल्या. परभणीला गाडी बदलली, बोरीवरून जाताना माहेरच्या घराचं छप्पर दिसतं का बघत होते, दिसलं नाही. जिंतूरच्या पुढं धूळ फार.
कदम गुरुजी फाट्यावर घ्यायला आले होते. बुटके आहेत. चष्मा. मामांची पिशवी त्यांनी घेतली. घर दोन खोल्यांचं, पुढं लिंब. मुलगी मंगल सात वर्षांची, ती पाठ करून बसली आणि शेवटपर्यंत वळली नाही. गुरुजींनी तिला बळजबरी केली नाही ते बरं वाटलं.
भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो. हार ताजा होता. मी बघितलं ते त्यांनी बघितलं. म्हणाले, "रोज घालतो असं न्हाई. आज तुम्ही येणार म्हणून काढून ठेवावा का, असा विचार आला होता. मग उलट नवा घातला."
मी म्हटलं, "आमच्याकडंही फोटो आहे. वर्दीतला."
"आणा की. ह्या भिंतीला जागा हाय."
मामा बाहेर लिंबाखाली जाऊन उभे राहिले.
परत निघताना गुरुजींनी विचारलं, त्यांचं नाव काय होतं? सगळं माहीत असणार त्यांना. तरी विचारलं. मी म्हटलं, दिनकर. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं. उखाण्याशिवाय.

२४ जानेवारी
रात्री उशिरा पोचलो होतो. सकाळी आत्याबाईंनी काहीच विचारलं नाही. मामांना म्हणाल्या, ओढ्याकाठचा हरभरा बघून या. मामा गेले.
मी पीठ मळत होते. त्या चुलीपुढं बसल्या, फुंकणी घेऊन, जाळ चांगला असताना.
"पाणी कसं हाय तिथलं?"
"गोड हाय. दारातच आड हाय."
"उन्हाळ्यात?"
"आटतो म्हणाले. मग रस्त्यापलीकडच्या मळ्यातून आणावं लागतं."
"लांब हाय का?"
"न्हाई फार."
त्यांनी चूल फुंकली. धूर आला, दोघींच्या डोळ्यांत गेला.
"पोरगी बोलली का?"
"न्हाई. पाठ करून बसली."
"बसंल," म्हणाल्या. "आईचं लेकरू हाय." थोड्या वेळानं, "तू काय म्हणलीस त्येला?"
"अजून काहीच न्हाई."
त्यांनी पीठ बघितलं, बोटानं दाबलं. "पाणी घाल अजून," म्हणाल्या. "कडक झालंय."
घातलं.